देवळापलीकडचा समुद्र

गुहागर तालुक्यातील वेळणेश्वर हे आमचे कुलदैवत. लहानपणी वडिलांबरोबर तेथे अनेकदा गेलो. अभिषेक, प्रसाद आणि परतीची एस.टी. माडांपलीकडचा अर्धचंद्राकृती किनारा आमच्यासाठी केवळ देखावा होता. घरात मासे निषिद्ध. त्यामुळे समुद्राशी व्यवहार असा कधी झालाच नाही.

२०२४च्या नारळी पौर्णिमेनंतर एकटाच गेलो. १ जून ते ३१ जुलै ही मासेमारीबंदी उलटून गेली होती. वाळूवर एक वृद्ध गृहस्थ फाटलेले जाळे विणत बसले होते. शेजारच्या टोपलीत काही चमकले.

"आजोबा, हा कोणता मासा?"

"येक नाय, चार हायत," ते म्हणाले, आणि एकेक उचलून नावे सांगू लागले : तारली, बांगडा, मांदेली, सौंदाळा.

तीस वर्षे मराठी शिकवणाऱ्या माझ्यापाशी या चौघांसाठी 'मासा' हा एकच शब्द होता. प्रादेशिक साहित्याच्या तासाला माड, लाल माती आणि देऊळ यांतच मी कोकण संपवीत आलो. माझी प्रमाण मराठी माझ्याच कुलदैवताच्या दारातली भाषा जाणत नव्हती.

नावे वहीत लिहून घेतली. जाळ्याच्या गाठींची नावे विचारायची राहिली. त्यासाठी पुन्हा जायचे आहे.