तंजावर : वरचा थर आणि आतले चित्र

तंजावरला जाणारा मराठी पर्यटक बहुधा दोन गोष्टी मनात ठेवून जातो. एक, बृहदीश्वराचे मंदिर आणि दुसरी, शिवाजी महाराजांचे सावत्र भाऊ व्यंकोजीराजे यांच्या घराण्याने तिथे १८५५ पर्यंत चालवलेले राज्य. दोन्ही गोष्टी मंदिराच्या दारातच भेटतात. कारण आत शिरताना लागणारी पहिली कमान मराठ्यांच्या काळातली आहे. तिच्यापुढची दोन गोपुरे राजराज चोळाची. त्याने बांधलेले हे मंदिर १०१० मध्ये पूर्ण झाले.

सकाळी लवकर गेलात तर उत्तम. देवळाच्या शिखराला तिकडे विमान म्हणतात. साठ मीटरांहून उंच असलेल्या या विमानावर कोवळे ऊन पडले की ग्रॅनाइटचा दगड मधाच्या रंगाचा दिसू लागतो. अंगण तेव्हा अनवाणी पायांना सोसते. दुपारी मात्र चटके बसतात. याच वेळेला गळ्यात मोठाले कॅमेरे अडकवलेले छायाचित्रकारही हजर असतात. बटण दाबायचे, कॅमेरा खाली घ्यायचा, पाठीमागच्या छोट्या पडद्यावर हाताची सावली धरायची आणि आत डोकावायचे, हा त्यांचा ठरलेला क्रम. पडदा जुना असेल तर सावली धरूनही काही दिसत नाही.

हे दुखणे अनेकांच्या ओळखीचे असेल. लग्नसमारंभाची कामे करणारे छायाचित्रकार महागडा कॅमेरा सहजासहजी बदलत नाहीत. दहा-पंधरा वर्षांनी कॅमेरा ठणठणीत असतो, पण मागचा पडदा फिका पडू लागतो. त्यामागचे बारीक दिवे मंदावतात, वरच्या पातळ फिती उष्णतेने आणि दमटपणाने पिवळ्या पडतात, कडेला डाग उमटतात. अशा वेळी घाबरून जाऊ नये. आधी मेनूत जाऊन पडद्याचा उजेड कमी तर झाला नाही ना, ते पाहावे. काही कॅमेऱ्यांच्या पडद्यावर प्लास्टिकचे वेगळे झाकण असते. नुसते तेच चरे पडून धुरकट झाले असेल, तर झाकण बदलले की काम भागते.

तरीही दिसत नसेल तर पडदाच बदलावा लागतो. कारागीर पाठीचे स्क्रू काढतो, मागचे कव्हर अलगद उचलतो, चपटी वायर तिच्या खाचेतून सोडवतो आणि त्याच मॉडेलचा नवा पडदा बसवतो. ऐकायला सोपे वाटते, पण काम नाजूक आहे. वायर ओढली तर तुटते. पडदा आणि काच यांच्यामध्ये धुळीचा एक कण राहिला तरी तो कायमचा डोळ्यांत खुपतो. धूळ-पाणी आत जाऊ नये म्हणून व्यावसायिक कॅमेऱ्यांना रबराच्या पट्ट्या असतात, त्या पुन्हा नीट बसायला हव्यात. अंगचा फ्लॅश असलेल्या कॅमेऱ्यात वीज साठून राहते आणि तिचा जोरदार धक्का बसू शकतो. म्हणून घरच्या घरी स्क्रूड्रायव्हर हातात घेण्याची हौस टाळलेली बरी. मॉडेल बंद होऊन बरीच वर्षे झाली की कंपनीकडेही सुटे भाग मिळेनासे होतात. मग त्याच जातीच्या एखाद्या बंद पडलेल्या कॅमेऱ्यातला पडदा काढून लावतात.

जुन्या पडद्याचे पुढे काय होते? तो कचऱ्यात जातो आणि त्याबद्दल कुणाला हळहळ वाटत नाही. चित्र पडद्यात नसतेच, ते आतल्या कार्डात सुरक्षित असते. पण ज्या देवळाच्या अंगणात हे छायाचित्रकार उभे असतात, त्याच देवळाच्या आत वरचा थर काढण्याचा प्रश्न आला, तेव्हा तो इतका सोपा नव्हता. तिथे वरचा थर हेही एक चित्रच होते.

बृहदीश्वराच्या गाभाऱ्याभोवती, दोन जाड भिंतींच्या मधे, एक अरुंद अंधारा प्रदक्षिणामार्ग आहे. राजराजाच्या काळात त्याच्या भिंतींवर चुन्याचा गिलावा करून चित्रे रंगवली गेली. पांढऱ्या हत्तीवर बसून कैलासाला निघालेले संत सुंदरर आणि घोड्यावरून त्यांच्यासोबत निघालेला चेर राजा, त्रिपुरासुरांवर चालून गेलेला शिव, चिदंबरमचा नटराज, स्वतः राजराज आणि त्याचे गुरू मानले जाणारे करुवूरर. पुढे नायक राजांच्या अमलात, सोळाव्या-सतराव्या शतकांत, याच भिंतींवर नवा गिलावा चढला आणि नवी चित्रे आली. जुनी त्याखाली गेली ती विसरलीच गेली. आपल्याकडे नाही का, दर दिवाळीला भिंतीवर नवा रंग चढतो आणि खालचा कोणता होता ते कुणालाच आठवत नाही!

१९३१ मध्ये अण्णामलै विद्यापीठातले एस. के. गोविंदस्वामी या मार्गात शिरले. काही ठिकाणी वरचा थर सुटला होता आणि त्याखाली निराळीच रेषा दिसत होती. ती चोळकालीन असल्याचे त्यांनी ओळखले. दक्षिणेत चोळांच्या मूर्ती भरपूर सापडतात, पण त्यांची चित्रे फार थोडी उरली आहेत. त्यामुळे या शोधाचे मोल मोठे होते. त्यानंतर मद्रासच्या संग्रहालयातले रसायनतज्ज्ञ एस. परमशिवन यांनी गिलाव्याचा आणि रंगांचा अभ्यास केला. ओल्या चुन्यावरच रंग लावण्याची पद्धत इथे वापरली होती, असा त्यांचा निष्कर्ष होता. या पद्धतीत चुना सुकताना रंगाला धरून ठेवतो. म्हणूनच वर दुसरा गिलावा चढूनही खालचे रंग टिकले.

पण आता करायचे काय? चोळांची चित्रे पाहायची तर नायकांची खरवडून काढावी लागणार, आणि तीही शतकांपूर्वीची. एका राजवटीची कला वाचवण्यासाठी दुसरीची पुसायची, हा सौदा कुणी करावा? वरचा थर आपोआप गळून पडण्याची वाट पाहावी तर दोन्ही हातचे जाण्याचा धोका. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या रसायनशाखेने अखेर तिसरा मार्ग काढला. नायकांचे चित्र त्याच्या गिलाव्यासह भिंतीवरून अखंड सोडवायचे आणि फायबरग्लासच्या फळीवर बसवायचे. अशा कामात चित्राच्या दर्शनी बाजूला आधी कापड किंवा कागद चिकटवून त्याला आधार देतात, मग मागून थर हळूहळू मोकळा करतात, आणि नवी पाठ मिळाली की पुढचा आधार काढून घेतात. बोटभर तुकडा निसटला तर तो परत मिळत नाही. तंजावरला हे जमले. ज्या भागांत हे काम झाले, तिथली नायकांची चित्रे फळ्यांवर गेली आणि चोळांची भिंतीवर मोकळी झाली. कॅमेऱ्याच्या कारागिराला निदान चुकलेला पडदा पुन्हा मागवता येतो!

तंजावरशी कॅमेऱ्याचे नाते तसे जुनेच आहे. मद्रास सरकारने नेमलेला छायाचित्रकार कॅप्टन लिनियस ट्राइप १८५८ मध्ये इथे काम करत होता. भोसल्यांचे संस्थान खालसा होऊन जेमतेम तीन वर्षे झाली होती. त्याने राजवाडा टिपला, मंदिर टिपले. विमानाच्या जोत्यावर राजराजाचे लांबच लांब तमिळ शिलालेख आहेत. देवाला दिलेले दागिने, दिव्यांची व्यवस्था, इतकेच काय, मंदिराच्या सेवेतल्या चारशे नर्तकींची नावेही त्यांत आहेत. अभ्यासकांना घरबसल्या हे लेख वाचता यावेत म्हणून ट्राइपने जोत्याच्या बाजूने कॅमेरा सरकवत चित्रे घेतली आणि त्यांतली एकवीस जोडून सुमारे एकोणीस फूट लांबीची पट्टी तयार केली. त्याच्या कॅमेऱ्याला मागे पडदा नव्हता. काय आले आणि काय बिघडले, ते निगेटिव्ह धुतल्यावरच कळायचे. आजचा छायाचित्रकार एका दिवसात जितकी चित्रे घेतो, तितकी ट्राइपने अख्ख्या दौऱ्यात तरी घेतली असतील का, अशी शंका येते. मद्रास सरकारला मात्र हा खर्च चैनीचा वाटला आणि १८६० मध्ये खातेच बंद झाले.

मराठी वाचकाने मंदिराच्या भिंतींवर आणखी एक लेख शोधावा. सरफोजीराजांनी १८०३ मध्ये भोसले घराण्याचा इतिहास मराठीत इथे कोरवून घेतला. चोळांनी जोत्यावर तमिळमध्ये लिहिले, भोसल्यांनी भिंतीवर मराठीत. एकाने दुसऱ्याचे खोडले नाही. सरफोजींना नोंदी ठेवण्याचा छंदच होता. त्यांच्या सरस्वती महाल ग्रंथालयात मोडीतल्या कागदांबरोबर नेत्ररुग्णांच्या नोंदीही आहेत, आणि त्यांत डोळ्यांची रंगीत चित्रे काढलेली आहेत. सांबाराचे नाव संभाजीराजांवरून पडले ही गोष्टही तंजावरच्या नावावर सांगितली जाते. ती सांबार खाता खाता ऐकावी, पुरावा मागू नये.

मुंबई-पुण्याहून तंजावरला चेन्नईमार्गे रेल्वेने जाता येते. विमानाने जायचे तर तिरुचिरापल्लीला उतरावे, तिथून तंजावर साधारण साठ किलोमीटर आहे. डिसेंबर ते फेब्रुवारी हे दिवस सुखाचे. दुपारी गाभारा बंद असतो, तो वेळ राजवाडा आणि ग्रंथालयाचे संग्रहालय पाहण्यात घालवावा. गाभाऱ्यात फोटो काढू देत नाहीत. चित्रांचा प्रदक्षिणामार्गही सर्वांसाठी उघडा नसतो, पण आवारातल्या माहिती दालनात चोळ चित्रांची छायाचित्रे पाहता येतात. कॅमेऱ्याचा पडदा फिका झाला असेल तर निघण्याआधीच दाखवून घ्यावा. न जमल्यास डोळा लावून पाहण्याच्या खिडकीवर भिस्त ठेवावी, आणि काय टिपले गेले ते रात्री मुक्कामी मोठ्या पडद्यावर पाहावे.