अभ्यासाच्या दोन घडी



आपल्या घरांत एक नियम कुणी लिहून ठेवलेला नाही, तरी सगळे पाळतात. बाई सामायिकात बसली की तिला कुणी हाक मारत नाही. फोन वाजला तर वाजू देतात. दूधवाला आला तर दुसरं कुणी भांडं घेऊन दाराशी जातं. पण तीच बाई पुस्तक उघडून बसली की पाच मिनिटांत सुरू होतं. "मम्मी, माझा चार्जर कुठेय?" "अगं, जरा गॅसकडे बघतेस का?" "भाभी, कढीपत्ता आहे का?" वाचत बसलेली बाई रिकामीच आहे, असं सगळे धरून चालतात.

आज हे लिहायचं कारण म्हणजे मी सध्या प्रोग्रॅमिंग शिकतेय. वय चौसष्ट. माहेर नगरचं, बी.कॉम. तिथलंच, त्याला चाळीस वर्षं उलटून गेली. लग्न होऊन भाईंदरला आले आणि पूर्वेला आमचा स्टीलच्या भांड्यांचा गाळा होता, त्याचे हिशेब वर्षानुवर्षं लिहिले. आता गाळा मुलगा बघतो, हिशेब संगणकावर होतात. घरी सासूबाई आहेत, वय अठ्ठ्याऐंशी, त्यांचं सगळं वेळेवर लागतं. म्हणजे कामं संपली म्हणून शिकायला बसले, असं मुळीच नाही.

आयआयटी मद्रासने २०२० साली डेटा सायन्सचा एक पदवी अभ्यासक्रम सुरू केला, घरी बसून करता येईल असा. वयाची अट नाही. दहावीला गणित आणि इंग्रजी असावं आणि बारावी झालेली असावी, शाखा कोणतीही चालते. आधी चार आठवड्यांचे धडे आणि दर आठवड्याचा गृहपाठ, मग पात्रता परीक्षा. ती झाली की पायाभूत पातळीचे आठ विषय. एका सत्रात एकच विषय घेतला तरी चालतो. धडे व्हिडिओवर, हवे तेव्हा बघा, पण परीक्षा मात्र केंद्रावर जाऊनच द्यायची. नातवाने ही माहिती स्वतःसाठी काढली होती. त्याने नाव घातलं नाही, मी घातलं.

प्रोग्रॅमिंग म्हटलं की आपल्याला वाटतं, काळ्या पडद्यावर काहीतरी भराभर लिहायचं. इथे सुरुवातीच्या विषयात संगणकाची भाषा नव्हतीच. कागदाची कार्डं होती! काही कार्डांवर विद्यार्थ्यांचे गुण, काहींवर दुकानाची बिलं. गठ्ठ्यातलं एक बिल उचला, रक्कम बघा, आतापर्यंतच्या बेरजेत मिळवा, बिल दुसऱ्या गठ्ठ्यात ठेवा, पहिला गठ्ठा संपेपर्यंत हेच करा. मला हसू आलं. अहो, ही तर आपली रोजकीर्द! रोजकीर्दीतली एकेक नोंद उचलून खतावणीत घालायची, शेवटी तेरीज जुळवायची. मी आयुष्यभर हेच केलं होतं, फक्त त्याला प्रोग्रॅमिंग म्हणतात हे माहीत नव्हतं.

फरक एवढाच, की माणूस अर्धं सांगितलेलं समजून घेतो, संगणक घेत नाही. आपण सुनेला "डाळ शिजली की फोडणी दे" म्हणतो, तिला पुढचं कळतं. संगणकाला डाळ शिजली हे कसं ओळखायचं, नाही शिजली तर किती वेळ थांबायचं, हे सगळं क्रमाने सांगावं लागतं. ज्या बाईने नव्या सुनेला किंवा स्वयंपाकाच्या बाईला कंदमुळाशिवायचं स्वयंपाकघर शिकवलंय, तिला हे सांगणं नवीन नाही.

या विषयानंतर पायथॉन नावाची भाषा येते. गिडो व्हॅन रॉसम या डच गृहस्थांनी ती १९९१ मध्ये पहिल्यांदा लोकांसमोर आणली. नाव अजगराचं वाटतं, पण ते एका ब्रिटिश विनोदी कार्यक्रमावरून ठेवलेलं आहे. आज्ञांचे शब्द इंग्रजी असले तरी आपण ठेवलेली नावं मराठीत चालतात. मी "सूर्योदय" असं देवनागरीत लिहिलं, त्याने घेतलं. विचारल्यावर "४८" असे मराठी अंक टाइप केले, तेही त्याने संख्या म्हणून वाचले.

आता मी त्यात काय केलं ते सांगते, कारण ते आपल्या रोजच्या उपयोगाचं आहे. पच्चक्खाणाच्या वेळा आपण कॅलेंडरात बघतो. पण ते मुंबईचं असतं. माझी नणंद कोलकात्याला असते. घड्याळ तेच, पण तिथे सूर्य आपल्यापेक्षा सुमारे तासभर आधी उगवतो. भाची लंडनला आहे. तिथे जूनमध्ये सूर्यास्त रात्री नऊनंतर होतो आणि डिसेंबरात चारच्याही आधी. त्यांना मुंबईचं कॅलेंडर काय कामाचं? म्हणून मी असा प्रोग्रॅम लिहिला, की त्या त्या गावाचा सूर्योदय आणि सूर्यास्त द्यायचा, वेळा तो काढून देईल.

हिशेब असा. समजा सूर्योदय ६ वाजून ३४ मिनिटांनी आणि सूर्यास्त संध्याकाळी ६ वाजून १० मिनिटांनी आहे. आधी दोन्हींची मिनिटं करायची, मध्यरात्रीपासून मोजून ३९४ आणि १०९०. वजाबाकी केली की दिवस ६९६ मिनिटांचा. त्याचे चार भाग केले की एक प्रहर १७४ मिनिटांचा. नवकारसी म्हणजे सूर्योदयानंतर ४८ मिनिटं, ७ वाजून २२ मिनिटं. पोरसी एक प्रहर झाल्यावर, ९ वाजून २८ मिनिटं. दीड पोरसी १० वाजून ५५, दोन पोरसी १२ वाजून २२. मिनिटांना साठने भागायचं, भागाकार म्हणजे तास आणि बाकी म्हणजे मिनिटं. चौथीचं गणित!

यातून मला एक गोष्ट नीट समजली. प्रोग्रॅमिंगमध्ये काही किमती स्थिर असतात आणि काही बदलत्या. नवकारसीची ४८ मिनिटं स्थिर आहेत, भाईंदर असो की लंडन, उन्हाळा असो की हिवाळा. प्रहर मात्र दिवसाबरोबर लहानमोठा होतो. लंडनला डिसेंबरात तो दोन तासांचाही भरत नाही आणि जूनमध्ये चार तासांच्या वर जातो. इतकी वर्षं दोन्ही वेळा कॅलेंडरात शेजारी शेजारी बघितल्या, पण त्यांच्यातला हा फरक प्रोग्रॅम लिहायला बसल्यावरच स्पष्ट झाला.

दुसरा विचार त्याहून महत्त्वाचा. दिवस ६९७ मिनिटांचा असला तर चाराने पूर्ण भाग जात नाही. मग तो वरचा पाव मिनिट सोडायचा की धरायचा? शाळेच्या गणितात सोडून दिला असता. पण कुणीतरी बाई या वेळेवर विसंबून पाणी घेणार आहे. एक मिनिट उशीर झाला तर काही बिघडत नाही, एक मिनिट आधी घेतलं तर पच्चक्खाण भंगतं. म्हणून पोरसीला अपूर्णांक आला की पुढचं पूर्ण मिनिट घ्यायचं, असं मी प्रोग्रॅममध्ये लिहिलं. चौविहाराला याच्या उलट, तिथे आधीचं मिनिट धरायचं. हे संगणक आपणहून करत नाही. ते नियम माहीत असलेल्या बाईलाच सुचतं. महिनाभराच्या वेळा छापील कॅलेंडरशी ताडून बघितल्या आणि मगच नणंदेला पाठवला. प्रोग्रॅम वेळ सांगतो, पच्चक्खाण आपलं आपणच घ्यायचं.

आता वेळेबद्दल. अभ्यासासाठी मी रोज दुपारी तीनला बसते आणि बरोबर दोन घडी बसते, म्हणजे ४८ मिनिटं. मैत्रिणींनो, गैरसमज नको. लॅपटॉपसमोर बसणं म्हणजे सामायिक नव्हे. सामायिकात विजेच्या वस्तूला आपण हातही लावत नाही, आणि हा अभ्यास पूर्ण संसारातला आहे. मी सामायिकाकडून फक्त माप उसनं घेतलं. इतक्या वर्षांच्या सवयीने शरीराला ४८ मिनिटं एका जागी बसायचं माहीत आहे. कॉलेजच्या मुलांना ते जड जातं, आपल्याला नाही.

पण माप मिळालं तरी मान मिळायला वेळ लागला. पहिले काही महिने दर दहा मिनिटांनी उठत होते. मग एक दिवस जेवताना सगळ्यांसमोर सांगितलं, "तीन ते पावणेचार मला हाक मारायची नाही. आग लागली तर मारा." मुलगा हसला, हे गप्प राहिले. दुसऱ्या दिवशी तीन वाजता शेजारच्या भाभी आल्या. सासूबाई पलंगावरूनच म्हणाल्या, "ती बसलीये, चारला या." सामायिकासाठी आपण जो शब्द वापरतो, तोच त्यांनी वापरला. त्यांची शाळा चौथीपर्यंत झालेली. मी काय शिकते हे त्यांना कळत नाही, पण बसलेल्या बाईला उठवू नये हे पक्कं कळतं. त्या दिवसापासून घरात मला कुणी उठवलेलं नाही.

जपानच्या मासाको वाकामिया यांची गोष्ट सांगण्यासारखी आहे. चाळीसहून अधिक वर्षं बँकेत नोकरी केली, साठीच्या सुमाराला पहिला संगणक घेतला, तोही आजारी आईची सेवा करताना घराबाहेर पडता येत नव्हतं म्हणून. २०१७ साली, वयाच्या ८१व्या वर्षी, त्यांचं ॲप बाजारात आलं. मुलींच्या सणाला जपानी घरांत पायऱ्यांवर बाहुल्या मांडतात, त्या योग्य क्रमाने मांडण्याचा तो खेळ आहे. त्यांनीही विषय घरातलाच निवडला. घरातली रीत त्यांना ठाऊक होती, ती सांगायची भाषा त्यांनी शिकून घेतली.

तुम्हाला सुरुवात करायची असेल तर पदवीच्या मागे लागायची गरज नाही. आपल्या पवईच्या आयआयटीचा स्पोकन ट्युटोरिअल हा उपक्रम आहे. सुमारे दहा दहा मिनिटांचे धडे, कितीतरी मराठी आवाजात, फुकट. हिशेब लिहिणाऱ्या बायकांनी लिब्रे ऑफिसच्या कॅल्कपासून सुरू करावं, ते आपल्या खतावणीच्या जवळचं आहे. वही जवळ ठेवा. पडद्यावर बघितलेलं विसरतं, हाताने लिहिलेलं राहतं.

माझे आठातले दोन विषय झालेत, तिसरा चालू आहे. पदवीपर्यंत पोहोचेन की नाही, त्याचा विचार करत नाही. नोकरी कुणी देणार नाही आणि मला करायचीही नाही. पण आधी घरात एक गोष्ट ठरवून घ्या. शिकायचं काय ते नंतर ठरेल, बसायची वेळ आधी ठरली पाहिजे. आणि तुमच्या घरातली सून, मुलगी किंवा जाऊ पुस्तक घेऊन बसली असेल, तर दार वाजल्यावर तुम्ही उठा. येणाऱ्याला सांगा, ती बसलीये.