एका मिनिटातले नकार

तर मंडळी, या वीकेंडला जरा ऑफिसचं पुराण. कंटाळा आला तर वरच्या कोपऱ्यातली फुली आहेच :-)

गेल्या महिन्यात मंगळवारी सकाळी साडेदहाला आमच्या कंपनीचा मासिक मार्केटिंग मेल गेला आणि जेवणाच्या सुट्टीपर्यंत ९१२ जणांनी 'अनसबस्क्राइब' केलं. एरवी हा आकडा चाळीस-पन्नासच्या वर जात नाही. साहेबांनी निकाल लगेच लावून टाकला. विषयाची ओळ थिल्लर होती, लोक चिडले, संपलं. ओळ लिहिणारी मुलगी तीन महिन्यांपूर्वी लागलेली, अजून प्रोबेशनवर. ती माझ्या टेबलापाशी येऊन हळूच म्हणाली, "अरे, एकदा लॉग बघतोस का?"

बघितला.

आता माणसं चिडली तर कशी चिडतात? एकेक करून. कोणी चहा पिताना, कोणी मीटिंगमध्ये कंटाळून, कोणी रात्री झोपताना. इथे ९१२ पैकी ८६० नावं मेल पोचल्यापासून एका मिनिटाच्या आत गेली होती. बरं, या लोकांनी फक्त अनसबस्क्राइबची लिंक दाबली नव्हती. मेलमधली एकूण एक लिंक दाबली होती, वरून खाली, ओळीने. लोगो, किंमतपत्रक, अगदी प्रायव्हसी पॉलिसीसुद्धा! प्रायव्हसी पॉलिसी आपणहून उघडणारा माणूस मी आजवर पाहिलेला नाही. तिथेच शंका आली.

पुढचं सोपं होतं. या ८६० मध्ये जीमेलचे पत्ते जवळपास नव्हतेच, सगळे कंपन्यांचे. त्या कंपन्यांचे एमएक्स रेकॉर्ड काढले, म्हणजे त्यांचं टपाल कोणत्या दारातून आत जातं ते पाहिलं, तर बहुतेकांचं दार एकच निघालं. एका मेल-सुरक्षा सेवेचं. क्लिक जिथून आले ते आयपी पत्तेही ऑफिसांचे नव्हते, डेटा सेंटरचे होते. तरी खात्री म्हणून नाशिकच्या एका जुन्या ग्राहकांना फोन लावला.

"सर, आमचे मेल नकोत असं आज तुम्ही कळवलंत का?"

"अहो, मी सकाळपासून शॉपफ्लोअरवर आहे. मेल उघडलाच नाही अजून. का हो, काय झालं?"

झालं होतं ते असं. फसव्या मेलमधलं विष लिंकमध्ये असतं, म्हणून हे फिल्टर तुमच्या आधी स्वतः लिंक उघडून बघतात. चांगलंच काम आहे. आदल्या महिन्यापर्यंत हा फिल्टर वरच्या दोन-तीन लिंका उघडून थांबायचा, या वेळी शेवटपर्यंत गेला. आणि शेवटी होती आमची अनसबस्क्राइबची लिंक. ती नुसती उघडली की नाव यादीतून गायब! हे पान माझ्या आधीच्या कोणीतरी लिहिलेलं. हेतू चांगला होता, एका क्लिकमध्ये सुटका. पण एचटीटीपीचा जुना नियम आहे, १९९९ च्या आरएफसी २६१६ मध्येही लिहिलेला, की 'गेट' म्हणजे फक्त बघणं. काही बदलायचं तर 'पोस्ट'. मंडईत भाव विचारला म्हणून कोणी पिशवीत दोन किलो भेंडी ओतत नाही, तसंच. २००५ साली गूगलचं वेब अ‍ॅक्सिलरेटर पानावरच्या लिंका आधीच आणून ठेवायला लागलं, तेव्हाही 'डिलीट'च्या लिंका अशाच आपोआप दाबल्या गेल्या होत्या. वीस वर्षं झाली, खड्डा तोच.

उपाय ठरला. लिंक उघडली की एक पान आणि त्यावर एकच बटण, 'होय, मला काढा'. शिवाय मेलच्या हेडरमध्ये आरएफसी ८०५८ (२०१७) ची सोय, म्हणजे जीमेलसारख्या प्रोग्रॅममधलं अनसबस्क्राइबचं बटण थेट 'पोस्ट' पाठवतं. २०२४ पासून जीमेल आणि याहू मोठ्या प्रमाणावर मेल पाठवणाऱ्यांकडून हे मागतातच.

साहेब म्हणाले, "मग सरळ लॉगिन टाका ना. नुसतं यंत्र कशाला, माणूसही जाणार नाही!" मी म्हटलं, सर, आपल्या यादीत अमेरिकेतले लोक आहेत. तिथल्या २००३ च्या कॅन-स्पॅम कायद्यात असं अडवता येत नाही. आणि दार बंद दिसलं की माणूस 'स्पॅम'चं बटण दाबतो. ते प्रमाण ०.३ टक्क्यांच्या खाली ठेवा असं गूगल सांगतं. वर गेलं तर उरलेल्यांनाही आपले मेल नीट पोचणार नाहीत. हे त्यांना पटलं. निदान गप्प बसले.

मग प्रश्न, परत कोणाला घ्यायचं? ८६० जणांची नावं परत लावली, कारण त्यांनी 'नको' म्हटलंच नव्हतं. उरलेल्या ५२ मध्ये काहींनी तासा-दोन तासांनी, फक्त तीच लिंक दाबली होती. ते खरेच कंटाळलेले. बाकीच्यांचं लॉगवरून सांगता येत नव्हतं. आम्ही दोघांनी मिळून ठरवलं की सगळे ५२ बाहेरच. शंका असेल तिथे नकार खरा मानायचा.

इथे गोष्ट संपायला हवी होती. पण त्याच लॉगने अजून एक गोष्ट दाखवली. वरच्या दोन-तीन लिंका हा फिल्टर कित्येक महिने दाबत होता. म्हणजे दर महिन्याच्या प्रेझेंटेशनमध्ये जो 'क्लिक रेट' टाळ्या घ्यायचा, त्यातला मोठा वाटा याच पठ्ठ्याचा! यंत्राने 'नको' म्हटल्यावर दोन तासांत चौकशी लागली. तेच यंत्र 'हो, हो' म्हणत होतं तोवर कोणाला लॉग आठवला नाही.

तिने पुढच्या अहवालात यंत्राचे क्लिक वेगळे काढून दाखवले. आकडा जवळजवळ निम्म्यावर आला. खोलीत कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. "हे दाखवायलाच हवं होतं का?" असं एकाने विचारलंही. तिने शांतपणे सांगितलं, "उरलेत ते खरे आहेत."

कालच कळलं, ती कन्फर्म झाली. विषयाच्या ओळी अजूनही थिल्लरच लिहिते. खरी माणसं उघडतात, काय करणार :-)