सेहरीचे ताट आणि पोटातले कुलूप

सेहरीत काय खावे, यावर आपल्या घरांत दरवर्षी चर्चा होते. आमच्या घरी ती जरा जास्तच होते, कारण अम्मीला मधुमेह आहे. रोजे ठेवायचे की नाही आणि गोळ्या कधी घ्यायच्या, हे डॉक्टर सांगतात. ताटात काय वाढायचे, ते मात्र आम्हीच पाहतो. मी शाळेत उर्दू आणि मराठी शिकवते, विज्ञान माझा विषय नाही. पण या काळजीपोटी मी अन्न आणि पचन याविषयी वाचू लागले.

अन्नात काय आहे याइतकेच, ते पोटात कुठे आणि किती वेळात सुटते, यालाही महत्त्व आहे. त्यासाठी शास्त्रज्ञ ‘मायक्रोजेल’ तयार करतात. मायक्रोजेल म्हणजे जेलीचे अगदी बारीक कण. तपकिरी समुद्री शेवाळापासून अल्जिनेट नावाचा पदार्थ मिळतो. तो पाण्यात विरघळवून त्याचे थेंब कॅल्शियमच्या द्रावणात सोडले की लगेच मऊ मणी तयार होतात. आधीच त्यात दह्यातले उपयोगी जिवाणू मिसळले असतील, तर ते मण्यात बंद होतात. जठरातल्या तीव्र आम्लात मणी आकसतो आणि जिवाणूंना थोडा आडोसा मिळतो. पुढे लहान आतड्यात आम्लता कमी होते. तिथे मणी फुगून सैल पडतो आणि आतला ऐवज बाहेर येतो. कुलूप जणू योग्य दारापाशीच उघडते.

अल्लाहने ही सोय साध्या अन्नातही ठेवली आहे. हरभऱ्याच्या दाण्यातला स्टार्च पेशींच्या भिंतींआड असतो. दाणा अख्खा शिजवला की यातल्या बऱ्याच भिंती शाबूत राहतात, पाचकरस आत हळूहळू शिरतो आणि साखरही सावकाश रक्तात उतरते. तोच हरभरा दळला की भिंती फुटतात. दुधातले केसिन हे प्रथिन जठरात गोठते, म्हणून तेही सावकाश पचते.

अम्मीला सेहरीला दुधात भिजवलेली गोड खजला-फेणी आवडते. आम्ही तिची वाटी लहान केली आणि शेजारी उकडलेले चणे ठेवले. ती म्हणाली, “बेटा, रोजा भुकेचाच असतो. चणे खाऊन तो हलका कशाला करू?” मी म्हटले, “अम्मी, भूक राहू दे. साखर एकदम चढू नये, एवढ्यासाठीच हे.” ती गप्प राहिली, पण चणे खाल्ले.

इफ्तारच्या सरबतातला सब्जा, म्हणजेच तुख्म-ए-रैहान, भिजल्यावर स्वतःभोवती जेल धरतो. पण सरबतातली साखर त्या जेलच्या बाहेर, मोकळ्या पाण्यात असते. म्हणून सब्जा घातला तरी गोड सरबत मधुमेहींना चालते, असे समजू नये.

आणखी एक गोष्ट. पोषक घटक असे बंद करून घातलेली पावडर किंवा गोळी घेताना, आवरण कशाचे आहे ते पाकिटावर वाचा. अल्जिनेट शेवाळाचे असते, पेक्टिन फळांचे. जिलेटिन मात्र जनावरांच्या कातडी-हाडांपासून बनते. ते कोणत्या जनावराचे आहे, हे दुकानदाराला किंवा कंपनीला विचारायला संकोच करू नका. आणि घरात कुणाला मधुमेह असेल, तर रमजानचा चांद दिसायच्या आधीच डॉक्टरांना भेटा.