वारसा आणि अपराध

धाकट्या भावाचा द्विध्रुवीय मनोविकार अंबाजोगाईत सर्वश्रुत झाला आणि माझी ठरलेली सोयरीक मोडली. ‘रक्तातच आहे’ एवढेच कारण पुरले.

विज्ञानही आनुवंशिकता नाकारत नाही. परंतु दोष एकाच जनुकाचा नसतो, अनेकांचा अल्प-अल्प वाटा असतो. निरोगी भावंडांच्या स्मरणशक्तीत व अवधानातही त्याच्या पुसट खुणा आढळतात. तरीही शंभरांतील सुमारे ९० भावंडांना हा विकार होत नाही.

योहानाच्या शुभवर्तमानात जन्मांधाकडे पाहून शिष्य विचारतात, पाप कोणाचे? प्रभू येशू त्यालाही दोष देत नाहीत, मातापित्यांनाही नाही. सोयरीक जुळविताना आपल्या धर्मग्रामातील वडीलधाऱ्यांनी तो अध्याय स्मरावा.

भाऊ येथील स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात उपचार घेतो, लिथियम चुकवीत नाही आणि शाळेत गणित शिकवितो.