टायबरकांठचा यशवंत

इटलीस जावयाचें, रोम व फ्लॉरेन्स पाहावयाचें आणि परतावयाचें, हा आपल्याकडील प्रवाशांचा शिरस्ता. आम्हां आठ जणांनीं त्यांत उंब्रिया प्रांतांतील खेड्यांची भर घातली. ऑलिव्हच्या बागांमधून चढत आम्ही मोंतोने या टेकडीवरील जुन्या गांवीं पोहोंचलों. खालीं टायबर नदीचें खोरें पसरलें होतें.

खाप्यास कन्हानकांठीं वाढलेल्या माझ्या पिढीस टायबर ठाऊक झाली, ती रोमचा पूल राखणाऱ्या होरेशियसमुळें. याच खोऱ्यांत १० जुलै १९४४ रोजीं बावीस वर्षांचा नाईक यशवंत घाडगे, हाताखालचे सर्व शिपाई मेले वा जायबंदी झाले असतां, मशीनगनच्या मोर्च्यावर एकटाच धांवून गेला; मोर्चा जिंकून तेथेंच धारातीर्थीं पडला. त्यास मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. मोंतोनेंत २०२३ सालीं त्याच्या नांवानें सूर्यघड्याळ उभारलें आहे.

होरेशियस स्वतःच्या नगरासाठीं लढला. कोंकणांतील हा मराठी पोर परतंत्र देशांतून येऊन परक्यांच्या शेतांसाठीं लढला. ही गोष्ट अभिमानाची कीं दुःखाची, यावर आम्हां आठांत एकमत झालें नाहीं. परतल्यापासून वर्गांत टायबरचें नांव निघालें, कीं मी दोघांचीही कथा सांगतों.