रोहिणीचं पाणी

यंदा पाऊस लांबला आणि आमच्या सोसायटीत पाण्यावरून दोन विंगांचं फाटलं. ‘बी’ विंगच्या काही जणांनी टँकरचे पैसे थकवलेले. मग कुणीतरी रात्री त्यांचा वॉल्व बंद केला, त्यांनी सकाळी पंपाच्या खोलीला कुलूप ठोकलं. बाचाबाचीत वॉचमनला धक्काबुक्की झाली.

त्याच आठवड्यात वर्षावास सुरू झाला होता. आषाढ पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत आमच्या विहारात बाबासाहेबांच्या ‘भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाचं वाचन असतं. त्रिशरण-पंचशील झालं, पांढऱ्या साडीतल्या आज्या भिंतीला टेकून बसल्या आणि मी वाचायला लागलो. प्रसंग रोहिणी नदीचा होता.

म्हातारा, रोगी आणि प्रेत पाहून सिद्धार्थानं घर सोडलं, ही कथा बाबासाहेबांना पटत नव्हती. एकोणतीस वर्षांच्या माणसाला यातलं काही आधी दिसलंच नसेल का, असा त्यांचा सवाल. त्यांच्या ग्रंथात भांडण शाक्य आणि कोलीयांचं आहे, शेताला आधी पाणी कुणी घ्यायचं याचं. शाक्य संघात सेनापती युद्धाचा ठराव मांडतो. सिद्धार्थ म्हणतो, चूक आपल्याही माणसांची आहे; दोन माणसं आपली, दोन त्यांची, त्या चौघांनी पाचवा निवडावा आणि पाचांनी निवाडा करावा. मतदान होतं आणि सिद्धार्थ हरतो.

“बघ, तवाबी पाण्यावरूनच!” एक आजी म्हणाल्या.

रविवारी सोसायटीची मीटिंग झाली. थकबाकीदारांचं पाणी तोडायचा ठराव आला. आमच्या ‘ए’ विंगची घरं जास्त. ठराव सहज पास झाला असता. मी उठून पाच जणांची सूचना मांडली. ती कुठून आणली, हे सांगितलं नाही. बराच आरडाओरडा झाला, पण शेवटी सगळे कंटाळून हो म्हणाले. पाचवी म्हणून निवडल्या गेल्या एक निवृत्त शिक्षिका. पाणी दोन्ही विंगांना सारखं, थकबाकी तीन हप्त्यांत आणि वॉचमनची माफी, असं पाचांनी ठरवलं. हप्त्यांवरून कुरबुर अजून चालू आहे.

माझ्या कॉलेजात जाणाऱ्या मुलीला हे फारसं पटलं नाही. “पणजोबांना धम्म लागत होता, पप्पा. त्यांना मेलेली ढोरं ओढणं सोडायचं होतं. आपल्याला संविधान आहे. यात बुद्ध कशाला? साधी अक्कल पुरे.”

तिचे पणजोबा १९५६च्या ऑक्टोबरात नागपूरला दीक्षा घेऊन आले, त्यांची गरज वेगळी होती, हे खरंच. पण मीटिंगमधला ठराव नियमात बसत होता, बहुमतही होतं, आणि साधी अक्कल तर तिथं जमलेल्या प्रत्येकाकडे होती. तरी आपल्याच विंगच्या लोकांना ‘चूक आपलीही आहे’ असं सांगायला कुणी उठत नव्हतं. मी उठलो, कारण चार दिवसांपूर्वी तेच मोठ्यानं वाचलं होतं. मला धम्म लागतो तो एवढ्यासाठी, आणि दरवर्षी पुन्हा वाचावा लागतो तोही एवढ्यासाठीच.